उंबरवाडीचा वशिंड्या

इन्व्हर्नेस, स्कॉटलंड
४ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
शिरसाष्टांग नमस्कार.

हा मायना शाळेत परीक्षेसाठी पाठ केला होता. खऱ्या पत्रात आज पहिल्यांदाच लिहिते आहे. बाबा फोनवर म्हणाले, आक्काला आता मशीन लावूनही ऐकू येत नाही. व्हिडिओवर तू नुसती हसतेस आणि मान हलवतेस. तुला काय कळलं नि काय नाही याचा मला पत्ता लागत नाही. म्हणून ठरवलं, तुला कागदावर लिहायचं. तुझे डोळे अजून शाबूत आहेत, आणि भेळेच्या पुडीचा कागदसुद्धा तू वाचल्याशिवाय टाकत नाहीस.

बाबांचं म्हणशील तर दर रविवारी वरच्या खोलीतून फोन येतो. "जेवलीस का? थंडी हाय का?" एवढं झालं की "ठेवतो."

आता मुद्द्याचं सांगते. मी इथल्या एका छोट्या संग्रहालयात जुन्या कागदांची डागडुजी करते, हे तुला माहीत आहे. उन्हाळ्यानंतर इथं एक प्रदर्शन भरणार आहे, एकोणिसाव्या शतकातल्या डोंगरांच्या छापचित्रांचं. त्यांना एचिंग म्हणतात. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईनं चित्र काढायचं आणि पत्रा आम्लात बुडवायचा. सुईनं मेण खरवडलं असेल तिथं आम्ल तांबं खातं. त्या रेघांत शाई भरून वरून ओला कागद दाबला की चित्र उमटतं. एका पत्र्यावरून कितीतरी चित्रं निघायची, त्यामुळं ती साध्या घरांतूनही भिंतीवर लागली. आपण कुठले हे सांगायचं झालं की लोक भिंतीवरच्या डोंगराकडे बोट दाखवायचे.

मागच्या आठवड्यात माझ्या टेबलावर एक गठ्ठा आला. इसोबेल मन्रो नावाच्या बाईची चित्रं. नवरा फौजेत डॉक्टर होता आणि ती दोघं १८४०च्या सुमारास पुण्याकडे होती. बहुतेक चित्रं इथल्याच डोंगरांची. एक उचललं, खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'चाकणजवळचा डोंगर, दख्खन'.

आत्या, मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले.

तू मला झोपवताना उंबरवाडीचं सांगायचीस. गावामागं डोंगर, बसलेल्या बैलासारखा, वशिंड वर आलेलं, म्हणून वशिंड्या. या चित्रातल्या डोंगरालाही तसंच वशिंड आहे! पायथ्याशी चारदोन घरं आहेत, एका घरातून धूर निघतोय, आणि पुढं डोक्यावर घागर घेतलेली एक बाई आहे.

मी उंबरवाडी पाहिलेली नाही. मी तान्ही असतानाच गाव उठलं, तिथं कारखाने आले, आणि आपण तुझ्याकडे थेरगावला राहायला आलो. पुढं डोंगरही खडीसाठी फोडला, एवढंच मला ठाऊक. बाबांना विचारलं की ते उठून गच्चीत जातात. त्यामुळं विचारायचं कुणाला, तर तुलाच.

चित्राची प्रत सोबत पाठवते. आमच्याकडचा पातळ कागद आहे, जपून उघड. हाच का ग तो?

तुझी,
तेजू

*

थेरगाव
२६ फेब्रुवारी २०२४

चि. तेजूस आक्काबाईचा आशीर्वाद.

पोस्टमननं पाकीट हातात दिलं तवा मला वाटलं बँकेचं काय तरी हाय. वर राणीचं न्हाईतर राजाचं तोंड बघून स्वप्नालीनं खुणेनं सांगितलं, परदेशातनं आलंय. सून माझी हुशार हाय, पण पाकीट मीच फोडलं. पोरी, किती वर्सांनी मला कुणी पत्र लिहिलं. मी बोलते तशीच लिहिणार, सातवीपातूर शाळा झालीया माझी, चुका काढू नको.

चित्र लई येळ बघितलं. खिडकीपाशी नेऊन बघितलं, चष्मा पुसून बघितलं. तुला वाईट वाटंल, पण खरं सांगते. हा आपला वशिंड्या न्हाई.

आपल्या वशिंड्याचं वशिंड डाव्या अंगाला. आपण गावात उभं ऱ्हायलो की डावीकडं वशिंड, मंग पाठ उजवीकडं उतरत जायाची, आणि पार टोकाला उंबराचा दरा. ह्या चित्रात सगळं उलटं हाय. वशिंड उजवीकडं. बैलच दुसरा हाय हा.

आणि ती घागरवाली बाई बघ. पदर उजव्या खांद्यावर टाकलाय तिनं. आमच्याकडं असा पदर कोण घेतंय? गुजराती हाय का काय ती? तुझ्या बाईनं दुसऱ्याच कुठल्या मुलखाचा डोंगर काढला आणि खाली चाकण लिहिलं, असं मला वाटतंय. साहेबलोकांना काय, सगळे डोंगर सारखेच.

पण तुझ्या चित्रानं एक केलं. दोन दिस माझ्या डोळ्यापुढनं वशिंड्या हालंना. आमी पोरी वैशाखात वर जायाचो, वशिंडावर. तिथं एक टाकं हुतं पाण्याचं, उन्हाळ्यातबी आटायचं न्हाई. वरनं बघितलं की इंद्रायणी एका अंगाला आणि भामा दुसऱ्या अंगाला, चांदीच्या तोड्यासारख्या दिसायच्या. आईला वाटायचं आमी वैरण आणाय गेलो. आमी आपल्या करवंदं खाऊन जीभ काळी करून यायचो. वशिंडाची सावली दिस कलायला लागला की आधी कुंभाराच्या घरावर, मंग आपल्या अंगणात यायची. सावली अंगणात आली की आई चूल पेटवायची. घड्याळ कुणाच्याच घरात नव्हतं.

मी लगीन होऊन थेरगावला आले तवा हितंबी शेतं हुती. पण डोंगर न्हाई म्हणून मला झोप यायची न्हाई. उघड्यावर निजल्यासारखं वाटायचं. आता डांगे चौकात उभं ऱ्हायलं की चारीबाजूला इमारतीच इमारती, पण पाठीशी उभं ऱ्हाणारं काय न्हाई.

तुझ्या बापाला, मारुतीला, चित्र दाखवलं न्हाई. आपला डोंगर न्हाईच तर कशाला त्याच्या जिवाला घोर. चित्र मातुर सुरेख हाय. सैपाकघराच्या खिडकीच्या काचंला चिकटवलंय. भाकरी थापताना बघते.

थंडीत कानाला बांधत जा.

तुझी आत्या,
आक्काबाई

*

इन्व्हर्नेस
२१ मार्च २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी बसमध्ये वाचलं आणि माझा थांबा मागे गेला. करवंदं आणि काळी जीभ! हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

पण मी खट्टू झाले, हे कशाला लपवू. मी इथं सगळ्यांना सांगून बसले होते, हा आमचा डोंगर आहे म्हणून. आमच्या विभागप्रमुख बाई चांगल्या आहेत, त्या म्हणाल्या, खात्री नसेल तर पाटीवर 'अज्ञात डोंगर, बहुधा काल्पनिक' असं लिहू. तेव्हा मला एवढं लागलं की मी चहा प्यायला बाहेर गेले. काल्पनिक! मी न पाहिलेल्या गावाचा न पाहिलेला डोंगर, आणि त्याला कुणी काल्पनिक म्हटलं तर मला का लागावं?

मी एक विचार केला. तिनं डोंगर मागच्या बाजूनं काढला असेल तर? मग वशिंड उजवीकडे येईल ना? सांग मला.

त्या इसोबेलबद्दल आणखी थोडं कळलं. ती इथून जवळच्याच एका डोंगराळ खोऱ्यातली. तिच्या लहानपणी त्या खोऱ्यातली गावं जमीनदारांनी उठवली, मेंढ्या चारायला. लोक गाड्यांत भांडी घालून निघून गेले. तिनं पुढं आयुष्यभर त्या खोऱ्याची चित्रं काढली आणि एकाही चित्रात माणूस नाही. नुसते डोंगर, ढग, पडक्या भिंती. माणसं आहेत ती फक्त त्या चाकणच्या चित्रात. चुलीचा धूर फक्त तिथंच आहे. मी हे सगळं एका ओळीत मांडून बघत होते आणि मला तुझं 'उघड्यावर निजल्यासारखं' आठवलं.

आता जे सांगते ते तुझ्यापाशी ठेव. मी इथल्या नागरिकत्वासाठी अर्ज केला आहे. मिळालं की शपथ घ्यायची आणि भारताचा पासपोर्ट परत करायचा. नोकरीसाठी, रोज नव्या परवानगीची धास्ती नको म्हणून. सगळं बरोबर आहे, मी नीट विचार केला आहे. तरी बाबांना सांगायची हिंमत होत नाही. त्यांनी 'बरं' म्हटलं तरी वाईट आणि नाही म्हटलं तरी वाईट. रविवारी फोन आला की मी गप्प होते आणि ते "ठेवतो" म्हणतात.

आत्या, बाबा उंबरवाडीचं नाव का काढत नाहीत? तू सांगतेस ती सगळी मजा त्यांच्याही वाट्याला आली असेल ना?

तुझी,
तेजू

*

थेरगाव
९ जून २०२४

चि. तेजूस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. पासपोर्टचं मला काय कळतंय, पण तू लपवून ठेवलंस आणि मलाबी लपवाय लावलंस. मारुती जेवाय बसला की मी ताटाकडंच बघते.

डोंगराच्या मागनं काढलं असंल म्हणतीस. न्हाई पोरी. मागनं नुसता उभा कडा, वशिंड दिसतच न्हाई. तिकडच्या गावाचे लोक त्याला वशिंड्या म्हणतबी नव्हते, नुसता कडा म्हणायचे. असं मी लिहून ठेवलं हुतं, पत्र अर्धं झालं हुतं. आणि मंग परवा काय झालं ते ऐक.

मी संध्याकाळी भाजी घेऊन येत हुते. दिवस बुडला हुता. गल्लीच्या तोंडाला आले, वर बघितलं, सैपाकघरात स्वप्नालीनं ट्यूब लावलेली. आणि खिडकीत वशिंड्या उभा!

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. टमाटी गल्लीभर पळाली. मी तशीच उभी. काचंला चिकटवलेला तुझा कागद, आतनं उजेड, पातळ कागदातनं चित्र मागच्या बाजूनं दिसत हुतं. वशिंड डाव्या अंगाला. पाठ उजवीकडं उतरलेली. टोकाला दरा. आणि घागरवालीचा पदर डाव्या खांद्यावर, जसा पायजे तसा. आपल्या गावची बाई पाणी घेऊन चाललीया, तेजू! गुजराती न्हाई न् काय न्हाई!

शेजारच्या पूनमनं टमाटी गोळा केली. ती काय तरी विचारत हुती, तोंड हालत हुतं, मला ऐकू यायचं काय कारणच नव्हतं. मी नुसती वर बोट करून म्हणत हुते, "आमचा डोंगर, आमचा डोंगर." तिला वाटलं म्हातारीला चक्कर आली. घरात आणून पाणी पाजलं मला.

हे उलटं कसं काय झालं ते तुलाच ठावं. माझ्या परीनं सांगते, तो वशिंड्याच हाय. आता मला कुणी शपथ घे म्हणलं तर घेईन.

आणि मारुतीचं विचारलंस. मी आजपातूर सांगितलं न्हाई, पण आता तू मोठी झालीस.

जमीन गेली तवा तुझ्या बापाला कामच नव्हतं. कारखान्यात घेऊ म्हणले हुते, घेतलं न्हाई. तू पाळण्यात. तवा वशिंड्याला खाण लागली. मारुतीनं लायसन काढलं आणि तिथल्या डंपरवर बसला. लई वर्सं त्यानं ते काम केलं, पार डोंगर सपाट होईपातूर. ज्या वशिंडावर आमी करवंदं खाल्ली ते त्यानं गाडीत भरून न्हेलं, रस्त्यांवर आणि कारखान्यांच्या जोत्यांत ओतलं. एकदा मी विचारलं, "मारुती, कसं बघवतं रं तुला?" तर म्हणला, "आक्का, गाडी भरताना मी मागं बघतच न्हाई. आरसाबी फिरवून ठेवतो."

मी त्याला कधी नाव ठेवलं न्हाई. त्यानं न्हेला नसता तर दुसऱ्यानं न्हेला असता. पण त्याच्या मनात काय हाय ते त्यानं कुणालाच सांगितलं न्हाई, तुझी आई हुती तवर तिलाबी न्हाई. तू शिकलीस ती त्या पगारावर. म्हणून तो गच्चीत जातो, तेजू. तुझ्यावर रागावून न्हाई.

तुझी आत्या

*

इन्व्हर्नेस
३० जून २०२४

प्रिय आत्या,

बाबांच्या पापण्या पांढऱ्या असायच्या. मला एवढंच आठवतं. संध्याकाळी ते जिन्याखालच्या नळावर तोंड धुवायचे, पुन्हा धुवायचे, आणि मगच मला उचलायचे. मी शाळेत सांगायची, माझे बाबा पिठाच्या गिरणीत आहेत. कुणी कधी मला दुरुस्त केलं नाही.

चित्राचं आधी सांगते, कारण ते सांगणं सोपं आहे. तू बरोबर आहेस, आणि मी वेडी आहे. छापचित्र नेहमी पत्र्याच्या उलट उमटतं, रबरी शिक्क्यावरची अक्षरं उलटी असतात ना, तसं. म्हणून मुरलेले कारागीर पत्र्यावर मुद्दाम उलटं चित्र काढत, म्हणजे कागदावर सुलटं येई. मी धरून चालले की हिनंही तसंच केलं असणार. पण इसोबेल हौशी होती. ती डोंगरासमोर पत्रा मांडीवर घेऊन बसली आणि दिसलं तसं काढत गेली. कागदावर सगळंच फिरलं. तिच्या इथल्या चित्रांशी आम्ही आता खरे डोंगर ताडून पाहिले, तीही सगळी उलटी निघाली! इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्या खोऱ्यात ओळखणारं कुणी उरलंच नव्हतं.

विभागप्रमुख बाईंना तुझी टमाट्यांची गोष्ट सांगितली. त्या आधी हसल्या आणि मग त्यांनी चष्मा काढला. 'अज्ञात' आणि 'काल्पनिक' दोन्ही शब्द खोडले. पाटीवर काय लिहायचं ते मी ठरवावं म्हणाल्या.

सोबत दुसरी प्रत पाठवते, सुलटी करून. ही बाबांसाठी आहे. द्यायची की नाही ते तू ठरव. तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. माझ्या मनात त्यांच्याबद्दल काय आहे ते मला मराठीतही लिहिता येत नाही.

तुझी,
तेजू

*

थेरगाव
४ ऑगस्ट २०२४

चि. तेजूस आशीर्वाद.

मी चित्र दिलं, आणि द्यायला नको हुतं.

दुपारी जेवण झाल्यावर त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्यानं बघितलं. हात धुवाय उठला, परत आला, परत बघितलं. मंग घडी न करता तसंच दोन्ही हातांवर धरून वर गेला, ताट झाकून न्यावं तसं. त्या दिवसापासनं त्याचं बोलणंच कमी झालंय. माझ्याशी तर तो खुणांनी बोलायचा, हातवारे करून हसवायचा, तेबी न्हाई. सकाळीच डबा घेऊन बाहेर पडतो आणि दिवस मावळता येतो. कुठं गेलता विचारलं तर "आळंदीला" म्हणून हात जोडून दाखवतो. आळंदीला जाणाऱ्याच्या कपाळाला बुक्का तरी असतो. ह्याच्या चपला लाल मातीनं भरलेल्या असत्यात.

भिंतीवर चित्र लावलेलं न्हाई. टाकून दिलं का काय, कळत न्हाई. मला वाटतं त्याला राग आला. मी सगळं तुला सांगितलं हे त्याच्या ध्यानात आलंया. माझ्यावर रागावला तर चालंल, पण तो असा उन्हातान्हात कुठं हिंडतो? साखर हाय त्याला. आता काय बी पाठवू नको, पोरी. झालं तेवढं पुरे.

तुझी आत्या

*

इन्व्हर्नेस
२० ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
नमस्कार.

तुम्हाला मी कधीच पत्र लिहिलं नाही, म्हणून हात जरा अडखळतो आहे.

आत्यावर रागावू नका. मी विचारलं म्हणून तिनं सांगितलं. तुम्ही डंपर चालवत होतात हे मला आता कळलं, आणि ते आधी का कळलं नाही याचंच वाईट वाटतं. मला माझ्या वर्गात छाती काढून सांगता आलं असतं, माझे बाबा डोंगर हलवतात. खरंच तसं सांगितलं असतं, बाबा. मुलांना त्यातलं दुसरं काही कळलं नसतं.

एक गोष्ट मीही लपवली. मी इथलं नागरिकत्व घेते आहे. दिवाळीच्या आधी शपथ आहे. फोनवर सांगणार होते, पण तुम्ही 'ठेवतो' म्हणायची वाट बघत राहिले. तुम्ही नको म्हणालात तर मी काय करीन ते मला ठाऊक नाही. पण तुम्हाला न सांगता हात वर करून शपथ घ्यायची नाही, एवढं ठरवलं.

आणि एक काम आहे. प्रदर्शनात त्या चित्राखाली पाटी लावायची आहे. डोंगराचं नाव, गावाचं नाव आणि कुठून पाहिलं ती जागा. आत्यानं नावं सांगितली. जागा कुणालाच माहीत नाही. तुम्हाला आठवत असेल तर लिहा. नको वाटलं तर नका लिहू.

तुमची,
तेजस्विनी

*

थेरगाव
२२ सप्टेंबर २०२४

चि. तेजस्विनीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. आक्कावर मी रागावलो न्हाई. ती उगीच घाबरते.

चित्र टाकलं न्हाई. प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी रोज बरोबर न्हेत हुतो. आळंदीला गेलो न्हाई. चाकणची बस धरायचो, तिथनं रिक्षा. चित्र काढणारी ती बाई कुठं बसली हुती ते मला बघायचं हुतं. तू विचारायच्या आधीपासनं शोधत हुतो.

तिकडं काय ओळखू येत न्हाई. सगळे पत्र्याचे शेड, निळे. डोंगर न्हाई त्यामुळं कुठं उभं ऱ्हावं ते कळत न्हाई. मंग मी काय केलं, चित्रात उंबराचा दरा हाय त्याचा वढा अजून वाहतो, गटारासारखा का हुईना. त्याच्या कडंकडंनं चाललो. लई दिस चाललो. एका कारखान्याच्या गेटपाशी एक धोंडा सापडला. गावाच्या येशीबाहेरचा तो, बैल धुऊन झाले की आमी त्याच्यावर बसायचो. त्याला पिवळा पांढरा रंग मारलाय, गाड्या आपटू नयेत म्हणून. तिथं बसलं की चित्रातला सगळा हिशोब बसतो. ती बाई तिथंच बसली हुती.

मी धोंड्यावर बसलो तर वाचमन आला. पोरगाच हाय, बीडकडचा, ज्ञानेश नाव.

"बाबा, हितं बसू नका. साहेबाची गाडी येईल."

मी म्हणलं, "माझं गाव हाय हे."

"हितं कुठलं गाव? हितं तर पहिल्यापासून कंपनीच आहे."

मी पिशवीतनं चित्र काढून दिलं. त्यानं चित्र बघितलं, समोर बघितलं. समोर नुसतं आभाळ.

"एवढा डोंगर गेला कुठं?"

मी म्हणलं, "तू उभा हाईस त्याच्या खाली हाय. ह्या शेडच्या जोत्यात हाय. मीच आणून टाकलाय."

तेजू, हे मी कुणापाशी पहिल्यांदा बोललो. तो पोरगा हसला न्हाई. त्यानं खुर्ची आणून दिली, केबिनमधनं पाणी आणलं. म्हणला, आमचं गाव धरणात गेलं, मी लहान असताना, आई अजून पाण्याकडं बोट करून म्हणते तिथं आपला गोठा. मंग आमी दोघं चित्र बघत बसलो. साहेबाची गाडी आली आणि गेली, कुणी काय म्हणलं न्हाई.

पाटीवर लिही, वशिंड्या डोंगर, उंबरवाडी, येशीबाहेरच्या धोंड्यावरनं. चित्रात धूर निघतोय ते डावीकडनं तिसरं घर. आपलं घर त्याच जाग्यावर हुतं. तवा आपली माणसं त्यात ऱ्हात हुती का ठावं न्हाई. म्हणून तसं लिहू नको. पण मला म्हाईत हाय.

शपथेचं. तू फोनवर गप बसत हुतीस तवाच मला कळलं काय तरी हाय. मला वाटलं लगीन ठरवलं. घे शपथ. हात वर करताना घाबरू नको. मी शेतकऱ्याचा डायवर झालो, उंबरवाडीचा थेरगावचा झालो, कोण कुठलं विचारलं तर आजबी तोंडात पहिलं उंबरवाडीच येतं. नको म्हणावं असं मला वाटलं न्हाई. वाईट वाटलं, ते खोटं सांगत न्हाई.

काल आक्काला घेऊन गेलो. तिला सांगितलं न्हाई कुठं चाललोय, नुसतं लुगडं बदल म्हणून खुणावलं. ज्ञानेशनं आमाला खाणीपातूर सोडलं. वशिंड्या हुता तिथं आता मोठा खड्डा हाय, हिरवं पाणी साचलंय, चारी बाजूनं कापलेले कडे. आक्का काठावर उभी ऱ्हायली. मला वाटलं रडंल. रडली न्हाई. पदर खोचला, तोंडापुढं दोन्ही हात धरले आणि वरडली, "ए वशिंड्याऽऽ!" लहानपणी आमी गावातनं अशी हाळी द्यायचो आणि डोंगर परत द्यायचा.

मंग माझ्याकडं वळून विचारलं, "आला का रं?"

तिला ऐकू येत न्हाई, तुला म्हाईतच हाय. मला काय पण सांगता आलं असतं. पण खरंच आला, तेजू. खड्ड्यातनं आला, पयल्यापेक्षा मोठा. मी मान हालवली. तिला पटंना. तिनं माझ्या छातीवर हात ठेवला आणि म्हणली, आता तू वरड. मी वरडलो. माझा आवाज गेला तो तिला हाताला कळला, परत आला तो कसा कळावा, पण ती म्हणली, "आला, आला." आमी दोघं म्हातारी तिथं दिवस कलेपातूर वरडत बसलो. ज्ञानेश लांबनं बघत हुता. नंतर त्यानंबी त्याच्या गावाचं नाव घेऊन हाळी दिली. तेबी परत आलं.

तू सुट्टी काढून ये. पाऊस सरल्यावर ये, आता वाट निसरडी हाय. तुझं नाव घेऊन मी हाळी दिली न्हाई. ते तू आल्यावर.

तुझा बाप,
मारुती